आमच्या भागाच्या पैशाची सभा आमच्या भागात घ्या : सोलापूरच्या लोकप्रतिनिधींना आणि प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहराचे सर्व सन्माननीय नगरसेवक व नगरसेविका,
तसेच शहराच्या प्रशासनातील सर्व पदाधिकारी व अधिकारी यांस

विषय : क्षेत्रसभा (शहरातील मतदारांच्या ग्रामसभेसारख्या सभा) सुरू करणे आणि अंदाजपत्रकातील भांडवली कामांचा काही हिस्सा नागरिकांच्या ठरावाप्रमाणे खर्च करणे

महोदय, महोदया,

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या चौकात कारंजे, रंगीत दिवे आणि बसण्याचे कट्टे करण्याचे काम मंजूर झाले आहे, हे आम्हाला ठेकेदाराच्या माणसांकडून कळले. ती माणसे आखणीसाठी चुना टाकत होती, शेजारच्या एका बाईंनी चौकशी केली, म्हणून कळले. ज्या गल्ल्यांचे सांडपाणी आजही उघड्या चरातून वाहत त्याच चौकापर्यंत येते, त्या गल्ल्यांतील एकाही माणसाला या कामाबद्दल कोणी काही विचारले नव्हते. हे काम कोणत्या योजनेतून, कोणत्या यंत्रणेकडून आणि कोणाच्या शिफारशीने आले याची नावे मी या पत्रात घेणार नाही, कारण मला एका खात्याविरुद्ध किंवा एका व्यक्तीविरुद्ध तक्रार करायची नाही. सार्वजनिक पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवताना, ज्यांच्या दारात तो खर्च होणार त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय कायद्यात आहे आणि ती वापरली जात नाही, ही माझी तक्रार आहे. ती शहरातील सर्वांच्या देखत मांडावी म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

मी निवृत्त ग्रामसेविका आहे. सोलापूर शहराच्या भोवतालच्या तालुक्यांतील गावांमध्ये माझी नोकरी झाली आणि राहणे मात्र शहराच्या हद्दवाढ भागात झाले. त्यामुळे एका विचित्र फरकाचा अनुभव मी वर्षानुवर्षे घेतला आहे. दिवसभर ज्या गावात काम करत असे, तिथल्या शेतमजूर बाईला आपल्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च भर सभेत विचारण्याचा अधिकार होता. संध्याकाळी घरी आल्यावर मला स्वतःला, मिळकत कर वेळेवर भरणाऱ्या बाईला, माझ्या गल्लीच्या खर्चाबद्दल विचारायला सभाच नव्हती.

ग्रामसभा म्हणजे काय हे शहरातील अनेकांना प्रत्यक्ष माहीत नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. सभेच्या आधी नोटीस लागते, दवंडी दिली जाते, आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. मुख्य सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिथे झालेल्या शिफारशी मुख्य सभेपुढे मांडायच्या असतात. गेल्या वर्षाचा हिशेब, लेखापरीक्षणातील शेरे, येत्या वर्षाची कामे आणि घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी हे सगळे तिथे वाचून दाखवावे लागते. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून गावाचा वार्षिक आराखडा होऊ लागल्यापासून वित्त आयोगाचा निधी किती आला, त्यातला पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित किती, अबंधित किती, ही भाषा चौथी शिकलेल्या बायकांच्याही तोंडी आली आहे. एका गावात प्रवेशद्वारावर स्वागत कमान उभारायची असे सदस्यांनी जवळजवळ ठरवून टाकले होते. महिला सभेत बायकांनी शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याचा विषय काढला, मुली दुपारनंतर घरी निघून जातात हे सांगितले, आणि मुख्य सभेत कमानीचा विषय मागे पडून पाण्याची टाकी आणि नळजोडणीचा ठराव झाला. त्या सभेत आरडाओरडा झाला, दोन पुढारी रुसून उठून गेले, पण टाकी झाली. इतिवृत्त मी स्वतः लिहिले असल्यामुळे कोण काय बोलले ते मला आजही सांगता येईल.

ग्रामसभेचे दोषही मला पुरेपूर ठाऊक आहेत. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मोजक्या माणसांत विषय उरकले जातात. घरोघरी वही फिरवून सह्या गोळा केल्याचे प्रकार घडतात. मोठ्या घरातील माणसे पुढे बसतात आणि वस्तीतील माणसे दाराशी उभी राहतात. इतके असूनही, हिशेब मागण्याची एक ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस असतो तेव्हा खर्च करणाऱ्याचा हात जपून चालतो, हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

आता सोलापूर शहराकडे येते. १९९२ साली शहराची हद्द वाढली आणि बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी भोवतालची गावे महापालिकेत आली. शहराचे क्षेत्र १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. त्या दिवसापर्यंत या गावांतील लोकांना ग्रामसभा होती, ती दुबळी असेल, पण होती. शहरात आल्यावर त्यांना करांचे नवे दर लागू झाले, बांधकामाचे नवे नियम लागू झाले, आणि सभा गेली. योगायोग असा की त्याच १९९२ साली संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली. तिच्या कलम २४३-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असणे बंधनकारक झाले. म्हणजे राज्यघटना ज्या वर्षी शहरी नागरिकांच्या जवळ सत्ता आणू पाहत होती, त्याच वर्षी हद्दवाढ भागातील माणसांच्या हातची छोटीशी सत्ता गेली, आणि तिच्या जागी जे मिळायला हवे होते ते आजवर नीट मिळालेले नाही. शहरात येऊन रस्ते, दिवे आणि नळ काही प्रमाणात आले हे मी नाकारत नाही, पण कोणता रस्ता आधी आणि कोणता नंतर हे ठरवण्यातला आमचा वाटा मात्र शून्यावर आला.

कायद्यात काय आहे ते पाहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये प्रभाग समित्यांची तरतूद आहे. पाणीपुरवठा, जलनिस्सारण, स्वच्छता आणि पावसाळी पाण्याचा निचरा यांबाबतच्या सार्वजनिक तक्रारींचे लवकर निवारण करणे, तसेच त्या भागाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी त्यांवर विचार करून शिफारस करणे, ही त्या समितीची कामे आहेत. समितीत नगरसेवकांबरोबरच मान्यताप्राप्त स्वयंसेवी व वस्ती पातळीवरील संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य घेता येतात. त्यापुढे २००९ च्या दुरुस्तीने कलम २९-ब आणि त्यानंतरच्या कलमांतून क्षेत्रसभा आल्या. काही मतदान केंद्रांवरील सर्व मतदार मिळून एक क्षेत्र, त्या मतदारांची सभा म्हणजे क्षेत्रसभा, आणि ती बोलावण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधीची, अशी ती कल्पना आहे. आपल्या क्षेत्रातील विकासकामे सुचवणे, त्यांचा अग्रक्रम ठरवणे, दिवे, नळ, स्वच्छतागृहे कुठे हवीत ते सांगणे, ही क्षेत्रसभेची कामे आहेत. शहरातील ग्रामसभा म्हणावी अशीच ही तरतूद आहे. राज्यातील बहुतेक महापालिकांत क्षेत्रसभा कागदावरच राहिल्या. आपल्या शहरात त्या कुठे झाल्या असतील तर त्यांची इतिवृत्ते आपण प्रसिद्ध करावीत, मी ती आनंदाने वाचीन आणि माझे हे म्हणणे तेवढ्यापुरते मागे घेईन.

त्यात मध्यंतरीच्या काळाची भर पडली. मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ मधील मतदानापर्यंत शहरात प्रशासक होते. त्या काळात स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकारही प्रशासकांकडेच होते, म्हणजे अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. त्या अधिकाऱ्यांनी काम वाईट केले असे मी म्हणत नाही. परंतु जवळजवळ चार वर्षे करदात्यांच्या बाजूने अंदाजपत्रकावर एक प्रश्नही सभागृहात विचारला गेला नाही, आणि ती सवय नव्या सभागृहाच्या काळात पुढे चालू राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यावर मला नेहमी ऐकवले जाते की लोकांनी नगरसेवक निवडून दिले आहेत, मग पुन्हा लोकांना वेगळे विचारायचे कशाला. या म्हणण्याकडे मी आदराने पाहते, पण आकडे बघावेत. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. प्रभाग २६. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येने धरले तरी एका प्रभागात सरासरी छत्तीस हजारांहून अधिक माणसे येतात. एवढ्या माणसांची आठ-दहा गावे असती तर तिथे आठ-दहा ग्रामपंचायती असत्या आणि प्रत्येकीची सभा वर्षातून चारदा झाली असती. शिवाय बहुतेक प्रभागांत चार सदस्य असल्यामुळे गल्लीतील माणसाने काम घेऊन नेमके कोणाकडे जायचे हा प्रश्न उरतो. एकाकडे गेले तर ते दुसऱ्यांचे काम असल्याचे कळते, आणि काम झाले तर फलकावर चौघांची छायाचित्रे लागतात. नगरसेवकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. चार प्रामाणिक माणसांनाही छत्तीस हजार लोकांच्या गरजा घरबसल्या कळणार नाहीत, म्हणून कायद्याने त्यांच्या मदतीला क्षेत्रसभा दिली आहे.

आमच्या तक्रारी मी आता एकेक करून मांडते.

कामांचा क्रम उलटा लागतो, ही सर्वांत मोठी आणि सर्वांत खर्चिक तक्रार आहे. हद्दवाढ भागातील कितीतरी वसाहती गुंठेवारीच्या, म्हणजे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या, जागांवर उभ्या राहिल्या. तिथे आधी ड्रेनेजची वाहिनी, मग पाण्याची वाहिनी, मग रस्ता, हा क्रम कोणताही गवंडी सांगेल. आमच्या गल्लीत पहिल्यांदा पेव्हर ब्लॉक आले. ते बसवले जात असतानाच आम्ही बायका तिथे उभ्या राहून खाली ड्रेनेज नसल्याचे सांगत होतो. काम पाहणाऱ्या माणसाने आपल्याकडे फक्त ब्लॉकची वर्क ऑर्डर आहे असे सांगितले, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. पुढे वाहिनीसाठी ब्लॉक उखडले, वाहिनी अर्ध्यावर थांबली, आणि उखडलेले ब्लॉक आता घराघरांच्या पायऱ्यांना लागले आहेत. दोन वेगवेगळ्या निधींतून दोन कामे निघाली, दोन्हींची बिले निघाली असतील, आणि सांडपाणी अजून चरातूनच वाहते आहे. पावसाळ्यात त्या चरातून शाळेच्या मुलांना जावे लागते. या सगळ्या खर्चापूर्वी एकदा अर्ध्या तासाची सभा झाली असती तर पहिला ब्लॉक बसण्याआधीच वाहिनीचा विषय निघाला असता.

निधी अनेक दारांनी येतो आणि कोणत्या दाराने किती आला हे एका ठिकाणी कळत नाही, ही पुढची तक्रार. महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न, वित्त आयोगाचे अनुदान, जिल्हा नियोजन समितीचा निधी, वस्ती सुधारणेच्या राज्य योजना, आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी, असे हे सारे प्रवाह एकाच गल्लीत येऊन मिळतात. प्रत्येकाचे अभियंते, मोजमाप आणि फलक वेगळे असतात. नागरिकाला मात्र गल्ली एकच असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या यंत्रणांना दिलेला निधी आणि त्याचा खर्च आपणहून प्रसिद्ध करावा, तसेच धोरण ठरवताना जनतेशी विचारविनिमय करण्याची काय व्यवस्था आहे तेही जाहीर करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. अर्ज केल्यावर तीस दिवसांच्या आत माहिती देणे ही नंतरची पायरी झाली; न मागता देणे ही पहिली.

अंदाजपत्रक लोकांपुढे येते ते मंजूर होण्याच्या बेतात असताना, आणि येते तेही लेखाशीर्षांच्या, म्हणजे हिशेबाच्या सरकारी सदरांच्या, भाषेत. एकूण रक्कम वर्तमानपत्रात छापून येते. आमच्या मतदान केंद्राच्या परिसरात येत्या वर्षी काय होणार आहे, एवढे एक पान मात्र कधी हाती पडत नाही.

मोठ्या योजनांच्या वेळी लोकांचे मत घेतले गेले आणि मग लोक विसरले गेले, हेही नमूद करायला हवे. स्मार्ट सिटी अभियानाच्या जानेवारी २०१६ मधील पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली, याचा आपणा सर्वांना आनंद झाला होता. शहराचा प्रस्ताव तयार करताना नागरिकांचा सहभाग घेणे ही त्या स्पर्धेची अट होती. पुढे मात्र निर्णय आणि खर्च या अभियानासाठी स्थापन केलेल्या कंपनीच्या संचालक मंडळाकडे गेला, कारण योजनेची रचनाच तशी होती, आणि बहुतेक मोठी कामे ठरलेल्या मध्यवर्ती क्षेत्रात झाली. ज्यांनी आपले मत दिले होते त्यांना ते मत कुठे पोहोचले हे कळवण्याची व्यवस्था त्या रचनेत नव्हती.

सगळे निर्णय गल्लीत व्हावेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. उजनीहून येणारी समांतर जलवाहिनी कोणत्या व्यासाची असावी, तिचे पंप किती क्षमतेचे असावेत, हे अभियंत्यांनीच ठरवायचे आहे, आणि तो खर्च संपूर्ण शहराचा आहे. पण पाणी काही दिवसांआड येत असताना ते आपल्या भागात पहाटे तीनला सोडायचे की संध्याकाळी सातला, कोणत्या गल्लीच्या टोकाला दाब पोहोचत नाही, कुठे व्हॉल्व्ह बसवल्यावर प्रश्न सुटेल, हे त्या गल्लीतील बायकांइतके कोणालाच ठाऊक नसते, कारण हंडा घेऊन जागत बसणाऱ्या त्याच असतात. शहराच्या पातळीवरचे निर्णय शहराच्या सभागृहात आणि गल्लीच्या पातळीवरचे निर्णय गल्लीत, इतकी ही साधी वाटणी आहे.

आणि हे इतरत्र झालेले आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ पासून नागरिकांच्या सभांमधून भांडवली कामांचा अग्रक्रम ठरवला जाऊ लागला. तिथल्या गरीब वस्त्यांतून पहिल्यांदा पुढे आलेल्या मागण्यांत सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पाणी होते. जागतिक बँकेच्या नोंदीनुसार पाणी व मलनिस्सारणाची सोय असलेल्या घरांचे प्रमाण १९८८ मधील ७५ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेले. त्या शहराने सर्व विभागांना सरसकट सारखा पैसा वाटला नाही. लोकसंख्या, गरिबी आणि सोयींची उणीव यांना गुण देऊन वाटप केले, आणि मला त्या सगळ्या प्रयोगातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. केरळमध्ये १७ ऑगस्ट १९९६ रोजी लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चातील ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आला. आपल्या शेजारच्या पुणे शहराने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे घ्यायला सुरुवात केली. पुण्याची पद्धत प्रामुख्याने अर्जांवर चालते. माणसे एकेकटी अर्ज भरतात आणि शेजाऱ्याने काय मागितले ते त्यांना कळत नाही, म्हणून मला ती अपुरी वाटते. सभेत बसल्यावर माणूस आपल्या दारातला दिवा सोडून शेजारच्या वस्तीतल्या गटाराला हात वर करतो, हे मी ग्रामसभांत पाहिले आहे. तरीही सुरुवात म्हणून अर्ज का होईना, पुण्यात निदान एक दार उघडे आहे. आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या छोट्या गावाने तर ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत कित्येक वर्षे चालवली आहे. गडचिरोलीच्या जंगलात जे जमले ते गिरण्यांच्या आणि कामगार चळवळींच्या या शहरात जमणार नाही, हे मी मान्य करणार नाही. १९३० साली याच शहराच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला होता. नगरपालिका ही लोकांची आहे, हे त्या वेळच्या सदस्यांनी परक्या सत्तेसमोर उघडपणे सांगितले होते.

सभा घेतल्या तरी लोक येणार नाहीत, असे अधिकारी मला खासगीत सांगतात. यावर माझा अनुभव असा की सभेत पैशाचा निर्णय होणार असेल तर लोक येतात, आणि नुसते भाषण ऐकायचे असेल तर येत नाहीत. दुसरे म्हणजे वेळ आणि भाषा. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. दिवसा विड्या वळून त्या कारखान्यात पोहोचवायच्या असतात, त्यामुळे सकाळी अकराची सभा त्यांच्यासाठी नसल्यासारखीच आहे. यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्यांचेही तेच. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. नोटीस फक्त मराठीत काढून आणि कार्यालयाच्या फलकावर लावून लोक येण्याची अपेक्षा धरता येणार नाही. रिक्षावर भोंगा लावून त्या त्या भागाच्या भाषेत दोन दिवस आधी सांगा, सभा रात्री आठला किंवा रविवारी ठेवा, आणि मग हजेरी मोजा.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

शहरातील सर्व क्षेत्रांच्या सीमा मतदान केंद्रनिहाय निश्चित करून जाहीर कराव्यात. त्यासाठी शासनाची मान्यता लागत असेल तर सर्वसाधारण सभेने तसा ठराव करून पाठवावा, आणि मान्यता येईपर्यंत सभागृहाने स्वतःच्या ठरावाने प्रत्येक प्रभागात नागरिकांच्या सभा सुरू कराव्यात. अशी सभा बोलावण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही.

पुढील अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्याच्या पुरेसे आधी या सभांची पहिली फेरी पूर्ण व्हावी. तिच्यात त्या क्षेत्रातील चालू कामे, मागील वर्षीचा खर्च आणि उपलब्ध होऊ शकणारी रक्कम एका पानावर छापून द्यावी. सभेपूर्वी महिलांची वेगळी सभा असावी. इतिवृत्त त्याच ठिकाणी वाचून दाखवावे आणि हजर असलेल्यांच्या सह्या तिथेच घ्याव्यात, नंतर घरोघरी फिरून नव्हे.

महापालिकेच्या स्वतःच्या भांडवली कामांच्या तरतुदीतील किमान पाच टक्के रक्कम क्षेत्रसभांच्या अग्रक्रमाप्रमाणेच खर्च होईल असा धोरणात्मक निर्णय घ्यावा. दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकात पाच टक्के निधी राखून ठेवण्याची पद्धत आहेच. त्याच धर्तीवर हे करता येईल. ही रक्कम प्रभागांत समान वाटू नये. जिथे ड्रेनेज नाही, जिथे पाण्याचा दाब नाही, जिथे झोपडपट्टी अधिक आहे, तिथे अधिक जावी, आणि वाटपाचे सूत्र आधी प्रसिद्ध व्हावे. हद्दवाढ भागाला यातून झुकते माप मिळेल याची मला जाणीव आहे, पण सूत्र प्रामाणिक असेल तर जुन्या गावठाणातील आणि पूर्व भागातील दाट वस्त्यांनाही ते तितकेच मिळेल.

क्षेत्रसभेने सुचवलेले काम घेता येत नसेल तर त्याचे कारण लेखी द्यावे, तांत्रिक असेल तर अभियंत्याच्या सहीने आणि आर्थिक असेल तर लेखा विभागाच्या सहीने. ‘पाहू’, ‘घेऊ’ ही उत्तरे इतिवृत्तात लिहिता येत नाहीत.

प्रभाग समित्यांवरील बिगर-नगरसेवक सदस्यांच्या जागा खुल्या जाहिरातीने अर्ज मागवून भराव्यात, समित्यांच्या बैठकांना नागरिकांना बसू द्यावे, आणि बैठकीची कार्यक्रमपत्रिका व इतिवृत्त विभागीय कार्यालयाच्या फलकावर लावावे.

प्रत्येक कामाच्या जागी, ते कोणत्याही निधीतून असो, कामाचे नाव, इस्टिमेटची रक्कम, ठेकेदार, सुरू व पूर्ण करण्याची तारीख आणि दोषदायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत काम बिघडल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करायचे) लिहिलेला फलक काम सुरू होण्यापूर्वी लावावा, आणि अंतिम बिल निघण्यापूर्वी मोजमाप पुस्तक क्षेत्रसभेने निवडलेल्या दोन नागरिकांना पाहू द्यावे. आमदार, खासदार आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतील कामांनाही हे लागू व्हावे यासाठी सभागृहाने संबंधितांना पत्र लिहावे. तसेच ज्या वसाहतीत ड्रेनेजची वाहिनी नाही तिथे ती होईपर्यंत रस्ता, ब्लॉक किंवा सुशोभीकरण यांना मंजुरी देऊ नये.

यातील एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. नगरसेवकांचा अधिकार कमी होईल अशी भीती कोणाला वाटत असेल तर त्यांनी एखाद्या अनुभवी सरपंचाशी बोलावे. ग्रामसभेचा ठराव हातात असलेला सरपंच जिल्हा परिषदेत किती ठामपणे बोलू शकतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

या पत्राचे लेखी उत्तर सर्व नगरसेवकांनी एकत्रितपणे किंवा आपापल्या प्रभागापुरते द्यावे, अशी विनंती आहे. जे नगरसेवक आपल्या प्रभागात पहिली सभा घेण्याचे ठरवतील त्यांना नोटीस कशी काढावी, विषयपत्रिका कशी करावी, इतिवृत्त कसे लिहावे आणि गोंधळ झाला तर सभा कशी चालवावी, याबाबत मी आणि माझ्याबरोबरचे काही निवृत्त ग्रामसेवक विनामूल्य मदत करू. आमच्या भागातील सभेसाठी समाजमंदिराचे सभागृह रविवारी मोकळे असते आणि तिथे दोनशे माणसे बसू शकतात. आपण तारीख कळवावी, दवंडीचे आम्ही पाहतो.

आपली,
हद्दवाढ भागातील एक रहिवासी व निवृत्त ग्रामसेविका
सोलापूर